मीटरने सांगितलेलं नाव

मी भित्री आहे. हे मी लाजून सांगत नाही. ओळख करून देताना लोक आपलं गाव सांगतात तसं सांगते. कारखान्यांतले फ्लो मीटर, म्हणजे नळीतून किती पाणी, किती दूध, किती रसायन वाहतंय ते मोजणारी यंत्रं, ती कामाला लावून द्यायची ही माझी नोकरी. या नोकरीत भित्र्या माणसाने यावं का, यावर आमच्या सोलापुरातल्या ऑफिसात चहाच्या वेळी हमखास चर्चा होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधी पोळलेलंच नव्हतं. मी आपली आधीपासूनच फुंकत आले.

काम दिसायला काहीच नाही. मीटरमधून दोन बारीक तारा निघतात. त्या तारांवर मी दोन चिमटे लावते आणि हातातल्या यंत्रावरून मीटरशी बोलते. मीटर आपलं नेहमीचं माप याच तारांवरून कंट्रोल रूमला कळवत असतो आणि त्याच तारांवरून, त्याच वेळी, आमचं हे दुसरं डिजिटल बोलणं चालतं. त्याचे नियम ठरलेले आहेत. पहिला प्रश्न नेहमी एकच: तू कोण? मीटर आपल्या पोटात साठवलेलं नाव सांगतो. मग किती मोजतोस, कशात मोजतोस, शून्य कुठे धरतोस, असं एकेक विचारत जायचं.

विचारायची मला भीती वाटत नाही. विचारल्याने कुणाचं काही बिघडत नाही. भीती वाटते ती सांगायची. पडद्यावर नवीन काही लिहायचं आणि 'सेंड' दाबायचं, की मीटर ते खरं मानून चालायला लागतो. का म्हणून विचारत नाही. माणसाला भलतंच काही सांगितलं तर तो निदान आपल्या तोंडाकडे बघतो. म्हणून सेंड दाबण्याआधी, शेजारी जो कुणी उभा असेल त्याला मी एक खुळा प्रश्न विचारते. 'नक्की हाच ना?' किंवा 'कालही हाच होता ना?' ऑफिसातले लोक माझी नक्कल करतात ती या प्रश्नाची. आई तर सरळ म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला मोहोळच्या रस्त्यावरच्या एका दूध डेअरीत पाठवलं. तिथे दुधाच्या दोन मोठ्या स्टीलच्या टाक्या आहेत, दोन मजली घराएवढ्या उंच. दूध संपलं की टाकी आतून धुवायची असते, आणि ती नुसत्या पाण्याने धुतली जात नाही. कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी पंपाने वर चढवतात. टाकीच्या छताला आतून भोकं पाडलेला एक गोळा असतो, त्यातून ते चारी बाजूंनी उडतं आणि भिंतीवरून खाली येतं. भिंतीला ते चालतं. माणसाच्या कातडीला नाही, आणि डोळ्यात गेलं तर डोळाच जातो.

पंप एकच. पंपाच्या खोलीत त्याची नळी फुटून दोन होतात, एक टाकी एककडे, एक टाकी दोनकडे. दोन्ही नळ्या भिंतीतून बाहेर जातात आणि पत्र्याखालून कुठे वळतात ते आत उभं राहून दिसत नाही. दसऱ्याआधी या नळ्या कापून त्यांच्यावर नवे मीटर आणि नव्या झडपा बसवल्या होत्या. मग सण आला आणि तो भाग तसाच बंद राहिला. आता संध्याकाळी दूध यायचं होतं. सणामुळे साठलेलं, दोन्ही टाक्या लागतील एवढं. टाकी दोनचा मीटर लावायचा, तिच्यातून कॉस्टिक फिरवून माप बघायचं, म्हणजे टाकीही धुऊन होईल आणि माझं कामही होईल, असं ठरलं होतं.

पंपावर होते ते काका मोहोळकडचेच. डेअरी सुरू झाली तेव्हापासून इथेच आहेत, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. पंपाच्या पॅनेलवर झेंडूचा हार अजून लटकत होता, मोटरवर हळदी-कुंकवाची बोटं, दाराशी फोडलेल्या कोहळ्याचा डाग. नळ्यांवरच्या नावांच्या पितळी पाट्या तर अशा चकाकत होत्या की त्यांच्यात तोंड दिसावं. मला ते सगळं बघून बरं वाटलं. ज्यांनी यंत्रांची एवढी काळजी घेतली ते बाकीचीही घेत असतील, असं मला वाटलं.

"टाकी एकमदी मानूस हाय बरं का, ताई," काका म्हणाले. "आतल्या शिडीचा वेल्डिंगचा टाका सुटलाय, त्यो मारतोय."

मी आधी त्या माणसाला बघायला गेले. टाकीच्या बुडाशी एक गोल दार असतं, माणूस जेमतेम सरपटत आत जाईल एवढं. मी वाकून डोकावले. आत त्याने फळी बांधली होती, त्यावर बसून तो ग्राइंडर मारत होता आणि ग्राइंडर थांबला की कानडीत काहीतरी गुणगुणत होता. टाकीत आवाज घुमत असल्यामुळे ते गुणगुणणं देवळातल्यासारखं मोठं होऊन येत होतं. मला बघून थांबला. मैंदर्गीचा वेल्डर, घरी कानडी बोलणारा. वयाने माझ्याहून मोठाच असेल, पण मला अक्का म्हणाला.

"अक्का, आत येताव का? लई गार हाय हितं."

मी नको म्हटलं. त्याने हसून चुन्याची डबी फळीवर आपटली, तंबाखूची चिमूट ओठाखाली दाबली आणि परत कामाला लागला. डेअरीच्या टाकीत तंबाखू चालत नाही हे मला ठाऊक होतं, त्यालाही असणार.

परत आल्यावर मी काकांना म्हटलं, एकची झडप मला दाखवा. त्यांनी दाखवली. झडप बंद होती, तिच्या चाकाला लाल फडकं बांधलं होतं, वर पाटी: टाकी एक. "ही एकची, बंद केली. फडकं बांदलंय. ही दोनची, उगडी हाय." मी एकचं चाक हाताने आवळून पाहिलं. हललं नाही. भित्र्या माणसाला समाधान करून घ्यायची फार हौस असते, आणि ते कशाने होतं याकडे तो फारसं बघत नाही.

मग मी 'टाकी दोन' अशी पाटी असलेल्या मीटरचं झाकण उघडलं, चिमटे लावले आणि पहिला प्रश्न विचारला. तू कोण?

मीटर म्हणाला, टाकी एक.

मी चिमटे काढून परत लावले. परत तेच. मग शेजारच्या, बंद झडपेजवळच्या मीटरला विचारलं. तो म्हणाला, टाकी दोन.

ही नावं आमच्याच ऑफिसात, टेबलावर बसून भरलेली होती, डेअरीने पाठवलेल्या यादीप्रमाणे. चुकायचं कारण नव्हतं. मी काकांना सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"फिटरनं उलटं बसवलं आसतील. दोनी सारकंच दिसत्यात, कुनाला कळतंय. नाव बदला की तुमी, हाय काय त्यात."

आणि यात खरोखरच काही नव्हतं. असं होत असतं. दोन मीटर जुळ्या भावांसारखे असतात, हाताला येईल तो फिटर उचलतो आणि बसवतो. अशा वेळी आम्ही मीटर काढत बसत नाही. नळी कुठली ते पाटीवरून बघतो आणि मीटरच्या पोटातलं नाव बदलून टाकतो. मी हे आधीही केलंय, आमच्याकडे सगळे करतात. मी पडद्यावर नवं नाव लिहिलं. काका पॅनेलपाशी जाऊन उभे राहिले.

"तुमचं झालं की सांगा. पंप लावतो."

माझा अंगठा सेंडवर होता. काही तरी विचारायचं म्हणून मी पाटीकडे बघितलं. पाटी तारेने बांधलेली नव्हती. लाल-पिवळ्या दोऱ्याने बांधली होती, पूजेत वापरतात त्या. दोऱ्यावर कुंकू होतं.

"काका, पाटीला दोरा कसा हो?"

"आवो खंडेनवमीला काडल्या हुत्या की पाट्या. चिंच लावून घासल्या. काळ्या पाट्या पूजेला ठिवायच्या व्हय? काडताना तारा तुटल्या, म्हनून दोरा बांदला."

"सगळ्या एकदम काढल्या?"

"व्हय. बादलीत टाकल्या."

"मग परत लावताना, कुठली कुठे, ते कशावरून?"

काकांनी पॅनेलपाशी उभं राहूनच दोन्ही पाट्यांकडे आळीपाळीने बघितलं.

मला ते हळूहळू कळत गेलं. फिटरने मीटर उलटे बसवले असतील तर काहीच नाही, एक नाव बदलायचं. पण मीटर बरोबर असतील आणि पाट्या उलट्या असतील, तर लाल फडकं बांधलेली झडप टाकी दोनची आहे. आणि जी उघडी आहे, जिच्यातून आपण आता कॉस्टिक सोडणार आहोत, ती नळी टाकी एकला जाते. मी जे चाक आवळून समाधान करून घेतलं ते चाकच चुकीचं होतं. आणि मीटरने मला खरं नाव सांगितलं असेल तर मी ते पुसायला निघाले होते. पुसलं असतं तर मग त्या खोलीत खरं सांगणारं काहीच उरलं नसतं.

पण कुठलं खरं? पडद्यावरून ते कळत नव्हतं. काय करावं सुचेना म्हणून मी वाकून त्या उघड्या नळीला कान लावला.

नळीत तो गात होता.

लांबून, बारीक, पण तोच आवाज, तेच कानडी गाणं. मग ग्राइंडर सुरू झाला आणि माझ्या कानाखालची नळी थरथरली. मी दुसऱ्या नळीला कान लावला. तिच्यात काही नव्हतं. माझ्या डोक्यावर पाटी चकाकत होती, टाकी दोन म्हणून, आणि तिच्याखालच्या नळीत टाकी एकमधला माणूस ग्राइंडर मारत होता.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी नुसता हात वर केला, पोलीस वाहनं अडवतात तसा. काकांनी तो बघितला आणि पॅनेलपासून दोन पावलं मागे सरले.

"पंपाला हात लावू नका," मी म्हणाले तेव्हा ते पॅनेलपासून लांबच उभे होते. "कुणालाच लावू देऊ नका. मुख्य स्विच पाडा."

आणि मी पळाले. माझं पळणं म्हणजे बघणाऱ्याला हसू यावं असं, हातात ते यंत्र, गळ्यात चिमट्यांच्या तारा. टाकीपाशी पोचेपर्यंत मनात एकच, की काका घाबरून उलटंच बटण दाबतील. गोल दारातून मी हाका मारल्या. ग्राइंडर चालू होता, त्याला ऐकू जाईना. मी खाली पडलेला पाना उचलून टाकीवर आपटत सुटले. ग्राइंडर थांबला.

"काय, अक्का?"

"बाहेर या."

"एक टाका ऱ्हायलाय, मारतो की."

"आत्ता बाहेर या."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्याने ग्राइंडर ठेवला, फळीवरून उतरला, गोल दारातून आधी पाय बाहेर काढले. एवढ्या वेळात माझ्या डोक्यात छतावरच्या त्या गोळ्यातून हजार वेळा पाणी सुटलं होतं. त्याची कंबर बाहेर आली तसं मी त्याच्या शर्टाला धरून ओढलं, शर्ट टराटरा उसवला. तो जमिनीवर बसून माझ्याकडे बघत राहिला. मी रडत होते. का रडतेय हे मला त्याला धड सांगता येईना, मग काका येऊन उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. कानडी शब्द घालून, हळू आवाजात, आपल्या हाताने पाट्या काढल्यापासून ते बांधल्यापर्यंत.

त्याचा विश्वास बसला नाही. माझाही पूर्ण बसला नव्हता, खरं सांगायचं तर. इतक्या तमाशानंतर फिटरच चुकलेला निघाला तर ऑफिसात माझं जगणं मुश्कील होईल, हाही विचार मनात येऊन गेला, आणि तो आला याची आता लाज वाटते. मग आम्ही गोल दार लावून घेतलं, दाराच्या काचेच्या खिडकीशी मी आणि तो उभे राहिलो आणि काकांनी झडपा होत्या तशाच ठेवून पंप क्षणभर लावला.

टाकी एकमध्ये पाऊस पडावा तसं ते पडलं. छतावरून, भिंतीवरून, त्याच्या फळीवर, त्याच्या ग्राइंडरवर. काचेवर वाफ धरली आणि पुढचं दिसलं नाही. काचेला हात लावला तर चटका बसला. पंप बंद झाल्यावरही आत किती तरी वेळ ठिबकत होतं.

टाकी गार पाण्याने धुऊन दार उघडलं तेव्हा त्याने काठीने फळीवरून आपली चुन्याची डबी ओढली. अ‍ॅल्युमिनियमची डबी, कॉस्टिक तिला खातं. सकाळी पांढरी होती ती काळी पडली होती आणि अजून तिच्या कडांना बारीक बुडबुडे येत होते. त्याने ती हातात घेतली नाही. काठीनेच इकडून तिकडे फिरवून बघितली.

काका पायरीवर बसले होते. "देवाचंच काम केलं ओ म्या, ताई," ते म्हणाले.

"देवाला काळ्या पाट्या चालल्या असत्या," मी म्हणाले. मी हे रागाने म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. ते बघून मी पुढचं गिळलं.

मी सेंड न दाबता लिहिलेलं नाव पुसून टाकलं. मीटरच्या पोटात होतं ते तसंच राहिलं. काकांनी दोन्ही नळ्या हाताने चाचपत बाहेर टाक्यांपर्यंत नेऊन बघितल्या, शिडी लावून, पत्र्याखाली वाकून, आणि मग पाट्या अदलाबदल करून जाड तारेने आवळल्या. दोरा त्यांनी खिशात ठेवला.

यानंतर सगळं संपायला हवं होतं, पण तसं झालं नाही. शिडीचा टाका अर्धाच होता. संध्याकाळचं दूध वाटेवर होतं. कुणीतरी परत त्या गोल दारातून आत जायला हवं होतं, आणि ते काम वेल्डरचंच होतं. मालकांच्या माणसाने फोनवरून 'बघा, जमलं तर' एवढंच म्हणून विषय काकांवर टाकला, काकांनी वेल्डरकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे वळला.

"अक्का, नीव हेळ्री," तो म्हणाला. तुम्ही सांगा. "जावू का?"

माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी असं विचारलेलं नाही. विचारणारी मी असते. नक्की ना, हाच ना, कालही हाच होता ना, आणि दुसरं कुणीतरी हो म्हणतं, मग मी दाबते. इथे दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, थांबा. बाहेर पत्र्याखाली टाकी एकच्या नळीचा जोड पाना लावून उघडायला लावला, नळी सोडवून बाजूला वळवून ठेवली, म्हणजे कुणी काहीही केलं तरी पाणी टाकीत जाणार नाही, जमिनीवर सांडेल. दोन्ही झडपा बंद. पंपाचे फ्यूज काढून मी स्वतःजवळ घेतले. पंपाच्या खोलीला कुलूप, किल्ली काकांकडे. मग नळी नक्की हीच ना ते बघायला जोडाच्या टाकीकडच्या उघड्या तोंडाशी तोंड नेऊन मी हाक मारली आणि काकांनी टाकीच्या दाराशी बसून सांगितलं, ऐकू येतंय. एवढं सगळं झाल्यावरही मी त्याच्याकडे बघत उभीच राहिले.

"जा," मी म्हणाले.

तो गेला. आधी डोकं, मग उसवलेला शर्ट, मग पाय. मी दाराशी जमिनीवर बसले, फ्यूज मुठीत धरून. आत फळी हलली, वेल्डिंगचा निळा उजेड पडायला लागला. मी गाण्याची वाट बघत होते. ते ऐकू आलं की माझ्या जिवात जीव येणार होता.

तो गायला नाही. सकाळी त्याला भीतीची ओळखही नव्हती. मी ती करून दिली होती. थोडा वेळ काम व्हायचं, मग उजेड विझायचा, आणि टाकीच्या आतून हाक यायची, लहान मूल अंधारात मारतं तशी.

"अक्का?"

"हाय की," मी त्याच्याच बोलीत म्हणायची. "हितंच हाय."

मग परत उजेड पडायचा. टाका पुरा होईपर्यंत तो हाका मारत राहिला आणि मी मूठ उघडली नाही.